अंगावरच्या ब्लेझरविषयी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संस्थापक, ज्यांना विचारल्याशिवाय या शाळेत घंटाही वाजत नाही ते आदरणीय अर्जुनराव अण्णा. व्यासपीठावर विराजमान मुख्याध्यापक बबनराव तांदळे सर. संस्थेचे सन्माननीय संचालक, त्यातले जे स्वतः आलेत ते आणि ज्यांच्या नुसत्या खुर्च्या आल्यात ते. माझे सहकारी शिक्षक-शिक्षिका, शिपाई बांधव, पालक मंडळी आणि मागं सतरंजीवर बसून जिलेबीच्या परातीकडं एकटक बघणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो.

सूत्रसंचालकांनी मघाशी कानात सांगितलं, 'शेटे बाबू, पाच मिनिटं.' एकतीस वर्षं मी या शाळेचा कारकून. पाच मिनिटं म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत आहे. अण्णांचं मागच्या पंधरा ऑगस्टचं पाच मिनिटांचं भाषण मीच टाइप केलं होतं, बावीस पानं.

माझ्याआधी सात वक्ते बोलले. माझा प्रामाणिकपणा, माझं मोत्यासारखं अक्षर, माझी निष्ठा, सगळं निघालं. त्या सातांपैकी चार भाषणं मीच लिहून दिलेली होती. सवयीनं सगळेच माझ्याकडं येतात हो, आणि मला नाही म्हणता येत नाही. त्यामुळं माझ्याविषयी एवढं चांगलं ऐकून मला फार संकोच वाटला असं नाही. दोन ठिकाणी मी आणखी चांगलं लिहिलं होतं, ते वाचायचं राहिलं.

असो. दुसऱ्या शाळांत निवृत्त होणाऱ्या माणसाला शाल देतात. आपल्या शाळेत ब्लेझर देतात. आज तीस एप्रिल, दुपारचे साडेबारा, लाईट अकराला गेलेली, माइक तेवढा बॅटरीवर चालू, वरचा पत्रा तुम्ही बघताच आहात, आणि व्यासपीठावर माझ्या अंगात अण्णांनी स्वहस्ते हा मरून रंगाचा, आतून अस्तर लावलेला, तीन बटणांचा ब्लेझर घातला. अण्णांचं प्रेम मी मानतो. अण्णांनी स्वतः मात्र मलमलचा नेहरू शर्ट घातलाय. संस्थाचालक आणि कर्मचारी यांत काहीतरी फरक असायलाच पाहिजे.

आता प्रश्न असा की ब्लेझर म्हणजे काय? दहा वर्षं आपण तो घालतोय, पण कुणाला कधी विचारावंसं वाटलं का? मला वाटलं. मी आमच्या इंग्रजीच्या रवि सरांना विचारलं. रवि सर अभ्यासू माणूस. दोन दिवसांनी वही घेऊन आले आणि मला दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही मी तुम्हाला सांगतो, कारण निवृत्तीनंतर ज्ञान घरी नेऊन करायचं काय?

पहिली गोष्ट. इंग्लंडात केंब्रिज म्हणून विद्येचं मोठं ठिकाण आहे. तिथल्या एका कॉलेजच्या पोरांचा नाव वल्हवायचा क्लब होता. ती पोरं भडक तांबडे कोट घालून नदीत उतरायची. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, पाण्यावर जाळ चाललाय. इंग्रजीत ब्लेझ म्हणजे जाळ, म्हणून त्या कोटाला ब्लेझर म्हणायला लागले. म्हणजे मंडळी, हा मूळचा नाव वल्हवणाऱ्यांचा कोट. थंड देश, भरलेली नदी आणि अंगात लोकरीचा कोट. आपल्या आष्टी तालुक्यात तो शोभून दिसतो यात काय नवल? नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. आपल्या पोरांनी नाव पाहिली ती पालीच्या धरणावर सहल गेली तेव्हा, तीही काठावर उलटी घालून ठेवलेली. पण कोट मात्र आपण त्यांच्या तोडीस तोड शिवला.

दुसरी गोष्ट जहाजाची. ब्लेझर नावाचं एक लढाऊ जहाज होतं. त्यावर राणीसाहेब भेट द्यायला येणार असं कळलं. कप्तानाची झोप उडाली. खलाशांचे कपडे बरे नव्हते. म्हणून त्यानं सगळ्यांना एकसारखे नवे कोट शिवले, पितळी बटणांचे. राणी आली, खूश झाली, गेली. रवि सर म्हणाले, 'जाणकार लोक ही दुसरी गोष्ट खरी मानत नाहीत, बाबू.' मी म्हणालो, 'सर, जाणकारांनी आपली शाळा पाहिलेली नाही.' वरून कुणी येणार म्हटल्यावर खालच्यांना कोट घालायचा, हे मी एकतीस वर्षं डोळ्यांनी बघतोय. माझा त्या कप्तानावर पूर्ण विश्वास आहे.

आपल्या शाळेत ब्लेझर आला त्याचीही हकिकत आहे. दहा वर्षांपूर्वी अण्णा पुण्याला एका शाळेत पाहुणे म्हणून गेलते. तिथल्या मास्तरांच्या अंगात ब्लेझर बघून आले आणि दुसऱ्याच दिवशी आमचे तानाजी टेलर ऑफिसात हजर. पुरुष शिक्षकांची आणि माझी मापं घेऊन झाली. मग अडचण आली शिक्षिकांची. मुख्याध्यापक म्हणाले, परक्या पुरुषानं मॅडम लोकांची मापं घेणं बरं दिसत नाही. मग मापं कशी घ्यायची? त्यावर सरांनीच तोडगा काढला. मला सांगितलं, 'बाबू, पंधरा ऑगस्टचा ग्रुप फोटो द्या ह्यांना.' तानाजीनं फोटोवर पट्टी ठेवली आणि पाच ब्लेझर शिवून आणले. फोटोत ज्या मागच्या रांगेत उभ्या होत्या त्यांना ते बोटभर आखूड झाले, आणि ज्या खुर्चीत बसल्या होत्या त्यांना गुडघ्यापर्यंत आले. तानाजीची चूक नाही. त्यानं फोटोला अगदी बरोबर शिवलं होतं.

आमच्या सुनिता मॅडम त्या फोटोत खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना मिळाला तो लांब ब्लेझर. मॅडम, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला आहात, मला दिसतंय. उठून जाऊ नका. तुम्हाला आधी विचारलं असतं तर तुम्ही मला हे बोलू दिलं नसतं, म्हणून विचारलं नाही. एकतीस वर्षांत विनापरवानगी केलेलं माझं हे दुसरं काम आहे, पहिलं पुढं सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, शाळेची तपासणी होती. साहेब दहाला येणार म्हणून निरोप. आम्ही काय तयारी केली म्हणता! रांगोळ्या झाल्या, फलकावर सुविचार झाले, पोरांची नखं कापून झाली. मुलींचं नवं स्वच्छतागृह सकाळी फिनाइल टाकून असं धुतलं की त्यात तोंड दिसावं. आणि मग तांदळे सरांनी आदेश दिला, 'बाबू, कुलूप लावा. साहेब बघून जाईपर्यंत कुणाला आत सोडायचं न्हाई, घाण व्हईल.' मी कुलूप लावलं. किल्ली सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली. दुसरा आदेश असा, की साहेब येईपर्यंत एकाही पोरानं जागेवरून उठायचं नाही.

साडेनऊला पोरं बसली. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. साहेबांचा तालुक्याच्या ठिकाणी आधी एक सत्कार निघाला, त्यात जेवण निघालं, असा ऑफिसात फोन आला होता. साहेबांचाही काय दोष? पोरं बसलेली होती. मी व्हरांड्यात ब्लेझर घालून उभा होतो. घामानं त्याचा रंग सुटायचा, आमच्या सगळ्यांच्या कॉलरी त्या वर्षी गुलाबी झाल्या होत्या.

साहेब दीडला आले. आठ मिनिटं होते. स्वच्छतागृहाकडं गेलेच नाहीत. त्यांनी कुलूपसुद्धा पाहिलं नाही. फक्त जाताना सगळ्यांबरोबर फोटो काढायला थांबले आणि म्हणाले, 'ह्या मॅडमचा ब्लेझर कुठाय?' तेरा जण मरून आणि मध्ये सुनिता मॅडम साध्या पिवळ्या साडीत. सरांचा चेहरा मला आजही आठवतो. राणीसमोर एखादा खलाशी बनियनवर आला असता तर कप्तानाचा झाला असता तसा.

दुसऱ्या दिवशी मॅडमना कारणे दाखवा नोटीस निघाली. मीच टाइप केली. आरोप पहिला, तपासणीच्या दिवशी ब्लेझर परिधान न करणे. आरोप दुसरा, त्याच दिवशी पाचवीच्या वर्गात पाण्याचा तांब्या सांडून चिखल करणे. सर म्हणाले, 'बाबू, एखादा जबर शब्द टाका.' मी 'बेफिकीर वृत्ती' असा शब्द टाकला. सरांना आवडला. मलाही त्यावेळी तो चांगला वाटला होता. मॅडमचं उत्तर दोन ओळींचं आलं. ब्लेझर घालायचा विसरले. तांब्या हातातून निसटला. क्षमस्व. बास. त्यावरून ताकीद देण्यात आली आणि त्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईनं नोंद झाली. ती लाल शाई भरणारा हात कुणाचा, हे वेगळं सांगायला नको. अक्षर मोत्यासारखं आहे, मघाशी वक्ते म्हणालेच.

आता तुम्ही म्हणाल, हा जुना कागद आज कशाला काढला? तर येत्या सोमवारी पर्यवेक्षक नेमायची बैठक आहे. ज्येष्ठता यादीत पहिलं नाव सुनिता मॅडमचं आहे. मागच्या आठवड्यात ऑफिसात चर्चा चालली होती, मी फाइल घेऊन उभा होतो, आणि मी कानांनी ऐकलं की पहिल्या नावावर नोंद असल्यामुळं दुसऱ्या नावाचा विचार करावा. दुसरं नाव कुणाचं आहे ते मी सांगणार नाही. ते इथंच बसलेत आणि घरी अण्णांना मामा म्हणतात, त्यांचा यात काही दोष नाही.

मी ते ऐकलं आणि फाइल कपाटात ठेवली असती. खरं सांगतो, ठेवलीच असती. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात एक मुलगी ऑफिसात आली होती. एकोणीस वर्षांची असेल. तिला नर्सिंगच्या प्रवेशासाठी शाळेच्या दाखल्याची दुसरी प्रत पाहिजे होती.

मला म्हणाली, 'बाबू, वळखलं का?'

मी म्हणालो, 'न्हाई गं. कुणाची तू?'

तिनं सांगितलं. मी रजिस्टर काढलं. दाखला लिहिताना ती म्हणाली, 'सुनिता मॅडम आता वरच्या पोस्टवर गेल्या आसतील न्हाई?'

मी म्हणालो, 'कुठल्या जातात? त्यांच्यावर नोंद हाय. सायेब आलते तवा ब्लेझर घातला न्हवता.'

मला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून मी ब्लेझर म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो. तेव्हा ती म्हणाली, 'बाबू, त्यो ब्लेझर माझ्या कमरेला व्हता.'

मंडळी, आता मी जे सांगतो ते हसण्यासारखं नाही. मुलांनो, तुम्हीही नीट ऐका.

ती तेव्हा पाचवीत होती, दहा वर्षांची. साडेनऊपासून बसलेली. मधल्या काळात ती वर्गातून दोनदा पळत आली आणि तिनं माझ्याकडं किल्ली मागितली. मी म्हणालो, 'सायेब येऊन जाऊ दे, मग.' दुसऱ्यांदा आली तेव्हा मी रागावलो. तिला परत जागेवर पाठवलं. सव्वा वाजता त्या लेकराला धरवलं नाही. बाकावरच झालं. ती रडलीसुद्धा नाही, नुसती बाकाला धरून बसून राहिली. सुनिता मॅडम फळ्यावरून वळल्या आणि त्यांनी बघितलं.

आपल्या गावात एकदा पडलेलं नाव माणसाला सरणापर्यंत सोडत नाही, हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे का? या सभागृहात अशी पाच-सहा माणसं तरी बसली आहेत ज्यांचं खरं नाव मला रजिस्टर बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. मॅडमनी काय केलं? त्यांनी पाण्याचा भरलेला तांब्या उचलला आणि त्या बाकावर, शेजारच्या बाकावर, चार पोरींच्या अंगावर मिळून सांडला. 'आगं बाई, निसटला,' म्हणाल्या. चारही पोरी भिजल्या, वर्ग हसला, कुणाला काही कळलं नाही. मग अंगातला ब्लेझर काढून त्यांनी त्या एका पोरीच्या कमरेभोवती बांधला. 'भिजलीस, गारठशील,' म्हणाल्या, आणि मार्चच्या उन्हात तिला मागच्या दारानं घरी पाठवलं. ब्लेझर लांब होता, तो तिला पायापर्यंत पुरला. दहा मिनिटांनी साहेबांची जीप आली.

त्या मुलीनं मला हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, 'ते पाणी मॅडमनं मुद्दाम सांडलंतं, बाबू. आन् किल्ली तुमच्या वरच्या खिशात व्हती. मला दिसत व्हती.'

तिनं हे रागानं म्हटलं नाही. मला मात्र पुढचं लिहवेना. दाखल्यावर जन्मतारखेच्या जागी मी त्या दिवसाची तारीख लिहिली आणि तो फाडून दुसरा करावा लागला. माझ्या मंडळी, गंगासागरबाई, इथं बसल्यात, त्या सांगतील की मी त्या दिवशी न जेवता उठलो. एकतीस वर्षं लोक मला सज्जन म्हणत आले आणि मीही ते मानत आलो. पण एका दहा वर्षांच्या पोरीनं दोनदा मागितलेली किल्ली मी दिली नाही, आणि जिनं तिची अब्रू राखली तिला मी माझ्या हातानं बेफिकीर लिहिलं. मॅडमनी नऊ वर्षं ती नोंद अंगावर घेतली, पण खऱ्या कारणाचा एका ओळीचाही खुलासा केला नाही, कारण खुलाशात पोरीचं नाव आलं असतं आणि तो कागद माझ्या टेबलावरून गावभर झाला असता. त्यांचा माझ्याविषयीचा अंदाज बरोबर होता, हे मला जास्त लागलं.

मी मुलीला विचारलं, 'हे सांगू का लोकांना?' ती म्हणाली, 'माझं नाव घिऊ नका. बाकी समदं सांगा.' म्हणून सांगितलं. ती आज इथं आहे की नाही, हेही मी सांगणार नाही. कृपा करून आजूबाजूला बघू नका. अण्णा, आपणही.

ते कुलूप मी त्याच दिवशी फेकून दिलं. पंधरा दिवस झाले, सरांना अजून पत्ता नाही. नऊ वर्षं प्रत्येक तपासणीला आपण ते लावत होतो, आणि नऊ वर्षांत एकाही साहेबानं ते दार बघितलं नाही.

आता शेवटचा मुद्दा. माझ्या हातात हा कागद आहे. सुनिता मॅडमना दिलेली ताकीद पुराव्याअभावी आणि कार्यालयाच्या चुकीमुळं मागं घेण्यात येत असून सेवापुस्तकातली नोंद रद्द करण्यात येत आहे, असा मजकूर आहे. मुलीचा उल्लेख कुठंही नाही, मी तीनदा वाचलाय. जावक क्रमांक टाकलेला आहे. खाली दोन सह्या पाहिजेत, मुख्याध्यापकांची आणि अध्यक्षांची. सर, हा घ्या.

काय म्हणता सर? नंतर निवांत बघू? सर, मी पाच वाजता निवृत्त होतो. त्यानंतर हा कागद कुठल्या फाइलीत जाईल हे मला माहीत आहे, फाइली मीच लावल्यात. आणि नियमाचं म्हणाल तर जी ताकीद मुख्याध्यापकांनी दिली ती मुख्याध्यापकांना मागं घेता येते. नियम पुस्तकात खूण घालून आणलाय, तो टेबलावर आहे. शिक्काही आणलाय. पॅडला सकाळीच शाई घातली.

पोरांनो, जिलेबी येतीय, सही झाली की लगेच. गडबड करू नका, सर वाचतायत.

अण्णा, आपण मान हलवलीत. माइकवरून सांगतो, अण्णांनी मान हलवली आहे. सर्व पालकांनी पाहिलं आहे. अण्णा, मी आपल्यावर आयुष्यभर टोमणे मारले, कधी मनात आणि आज माइकवर, पण ही मान हलल्याचं मी विसरणार नाही. सर, आपलं पेन चालत नसेल तर माझं घ्या. तारीख घाला. हो, आजचीच. अण्णा, आपण इथं, डावीकडं.

झालं. सह्या झाल्या. शिक्का मीच मारतो.

आपण टाळ्या वाजवल्यात, पण त्या मला नकोत. मी आज काही मोठं केलेलं नाही, माझंच नऊ वर्षांचं राहिलेलं काम केलंय. सत्काराबद्दल संस्थेचे, मघाशी वाचणाऱ्या सातही वक्त्यांचे, ज्ञान देणाऱ्या रवि सरांचे, आणि हा ब्लेझर माझ्या खऱ्या मापाचा शिवणाऱ्या तानाजीचे मी मनापासून आभार मानतो.

भाषण संपवताना काही अधिक-उणं बोललो असेन तर पदरात घ्या, असं म्हणायची पद्धत आहे. आज मी तसं म्हणत नाही. आजचं बोलणं मी पंधरा दिवस घोकलंय, त्यातला एकही शब्द मागं घ्यायचा नाही. मागं घ्यायचा आहे तो एकच, नऊ वर्षांपूर्वीचा, आणि तो तांदळे सरांचा नव्हता, माझा होता. सुनिता मॅडम, मला माफ करा. आणि बाळ, तू जिथं कुठं असशील तिथं ऐक. तू दोनदा मागितलीस आणि मी दोनदा नाही म्हणालो. तेव्हा साहेब यायला अजून लई वेळ होता, आणि ते मला माहीत होतं.